सातूचा घट

हौसाआक्का आणि हवालदार तात्या. ही दोन नावं आधी लिहून ठेवतो, काय झालं ते मागाहून सांगतो. मला लिहायची सवय नाही. आठवीतून शाळा सोडलेला माणूस मी. चार ओळी झाल्या की जीव खालीवर होतो, काही राहिलं तर नाही ना, कुणाला लागेल असं तर लिहिलं नाही ना. म्हणून जे राहून चालणार नाही ते पहिल्यांदा. आक्कानं मला घरात घेतलं आणि तात्यांनी मैदानात घेतलं. बाकीचं सगळं त्यानंतरचं.

आईबापानं ठेवलेलं माझं नाव मानबहादूर. आमचं घर नेपाळात, एका डोंगराच्या उतरणीवर. बाप हिंदुस्थानच्या फौजेत गोरखा शिपाई. मिलिटरीच्या दवाखान्यात त्याची आणि तात्यांची खाट शेजारी-शेजारी होती. तात्यांचा गुडघा गेला होता, बापाचा खांदा. चार महिने दोघांनी एकमेकांच्या विड्या पेटवल्या. पेन्शनीत आल्यावर तात्यांनी बापाला लोणंदला एका गोदामावर राखणीचं काम मिळवून दिलं, आणि पुढच्या खेपेला बापानं शिकायला म्हणून मला बरोबर आणलं. मी अकरा वर्षांचा. आई आणि धाकटी बहीण डोंगरावरच राहिल्या. वर्षाच्या आत काविळीनं बाप गेला. तात्या सायकलवरून आले, मला पुढच्या दांडीवर बसवलं आणि लोणंदपासून चार मैलांवरच्या आपल्या गावात घेऊन गेले. दारात उतरल्यावर एवढंच म्हणाले, "हौसे, हे आपल्याकडं ऱ्हाईल." आक्कानं माझ्याकडं पाहिलं आणि विचारलं, "जेवलास का रं?" मला अजून मराठी धड येत नव्हतं, पण हे कळलं.

पहिले पंधरा दिवस आक्कानं मला भात घातला. नेपाळी माणूस भातावर जगतो असं तिला कुणीतरी सांगितलं होतं. त्या घरात भात सणाला किंवा आजाऱ्याला. तात्या, आक्का आणि त्यांची पोरगी शालन, तिघं बाजरीची भाकरी आणि मटकीची आमटी खायची, आणि माझ्या ताटात ढीगभर भात. शालन माझ्याहून दोन वर्षांनी लहान. घास चावायचं विसरून माझ्या ताटाकडं बघत बसायची. मला तो भात घशाखाली उतरायचा नाही. वाटायचं, हे पाहुण्याचं ताट आहे; ज्या दिवशी भात बंद होईल त्या दिवशी मला जायला सांगतील. आणि खरं म्हणजे आमच्या डोंगरातही भात सणालाच असायचा. रोजचं जेवण मक्याच्या पिठाचं, घट्ट शिजवलेलं, पाल्याच्या आंबट कालवणाबरोबर. शेवटी एक दिवस मी शालनच्या भाकरीचा चतकोर पळवला आणि म्हशीच्या गोठ्यात उभा राहून खाताना सापडलो. आक्कानं कपाळावर हात मारून घेतला. "आरं माझ्या कर्मा! भाकरी पायजे हुती तर बोलायचं न्हाई व्हय? माझा तांदळाचा डबा रिकामा केलास की रं!" आणि ती इतकी हसली की म्हैस बिचकली. दुसऱ्या दिवसापासून मला भाकरी आणि खर्डा सुरू झाला. आपण आता इथं राहतोय हे मला त्या खर्ड्यानं सांगितलं. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते खर्ड्याचंच आहे असं सांगायची सोय होती.

त्या घराचे आवाज अजून कानात आहेत. पहाटे तात्यांचा गुडघा वाजायचा, मग खोकला, मग म्हशीची साखळी, मग चुलीत फुंकणीनं घातलेली फुंक. आक्का भाकरी थापताना पुटपुटायची. कुणाशी तरी भांडतेय असं वाटायचं, पण ती नुसती दिवसभराची कामं एकेक करून मोजत असायची. संध्याकाळी पाच वाजता तात्यांची शिट्टी. ती ऐकली की गावातली माणसं हातातलं टाकून जुन्या खळ्याकडं निघायची. घरटी एक माणूस फौजेत असलेलं गाव ते. सुट्टीवर आलेले शिपाई आणि पेन्शनीत आलेले म्हातारे तिथं व्हॉलीबॉल खेळायचे. नेट तात्यांनी स्वतः सुतळीचं विणलेलं. खळ्याची जमीन वर्षानुवर्षं मळणी होऊन अशी घट्ट झाली होती की पडलं तर कोपराचं सालटं जायचं आणि चेंडू मात्र सुरेख उसळायचा.

तिथला तात्यांचा एकच कायदा होता. नेटला अंग लागलं तर ज्याचं लागलं त्यानं आपला हात आपण वर करायचा. "पंचानं बगितलं का न्हाई ते इचारू नका," तात्या म्हणायचे. "पंच आंधळा आसंल, नेट आंधळं न्हाई." ज्यानं हात वर केला नाही आणि नंतर कळलं, त्याला ओरडणं नाही, शिक्षा नाही. तात्या लंगडत जायचे आणि नेट सोडून गुंडाळायला लागायचे. खेळ तिथंच बंद. वीस माणसं त्या एकाकडं बघत घरी जायची. त्यापेक्षा चार फटके बरे.

मी बुटका; उडी मारून नेटवरून हाणणं माझ्या नशिबात नव्हतं. पण माझी बोटं हलकी होती. आलेला चेंडू दहा बोटांवर घेऊन नेटच्या जरा वर, हव्या त्या ठिकाणी सोडून द्यायचा, की मागनं धावत आलेला माणूस तो खाली ठोकणार. ह्याला लिफ्टर म्हणतात. आमच्यात ठोकणारा होता बाजी. फौजेत नाईक, छाती दाराएवढी आणि तोंड त्याहून मोठं. "मान्या, लोण्यावानी सोड रं गड्या!" असं ओरडत तो धावत यायचा. माझ्या नावाचं मान्या त्यानंच केलं. चांगला चेंडू दिला की पाठीत असा गुद्दा घालायचा की श्वास बंद पडावा. तो सुट्टीवर आला की त्या गुद्द्यासाठी मी दिवसभर वाट बघायचो.

शाळा मी आठवीत सोडली. कुणी सोडायला लावली नाही. तात्या तर तीन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. पण मला सतत वाटायचं, आपण खातो त्याचं काहीतरी केलं पाहिजे, नाहीतर एक दिवस कुणाच्या तरी ध्यानात येईल की हा पोरगा इथं कशाला आहे. मी लोणंदच्या बाजारात कांदा निवडायला जाऊ लागलो. आता वाटतं, आक्काच्या घरात असा हिशेब कुणाच्याच मनात नव्हता, एकट्या माझ्याच मनात होता. पण भीतीला कोण समजावणार.

आईची खबर मला एका माणसाकडून मिळायची. हर्कदाई. दाई म्हणजे आमच्यात थोरला भाऊ. ते आमच्या समोरच्या डोंगरावरचे, सांगलीला हळदीच्या गोदामांवर राखणीला. दोन वर्षांनी एकदा गावी जायचे, माझी चिठ्ठी आणि शालनच्या जुन्या फ्रॉकांचं गाठोडं आईला पोचवायचे आणि तिचा निरोप आणायचे. आईला लिहिता येत नव्हतं. ती बोलायची, दाई ते जसंच्या तसं पाठ करून यायचे आणि माझ्यासमोर मांडी घालून, डोळे मिटून, तिच्याच चालीत म्हणून दाखवायचे. पहिला निरोप होता, "तिथं दोन वेळा पोटाला मिळत असेल तर तिथंच राहा, कान्छा." कान्छा म्हणजे धाकटा पोरगा. दाईंच्या मिशीखालून आईचा आवाज यायचा. टपाल नव्हतं, दुसरी वाट नव्हती. माझी आई म्हणजे हर्कदाई.

मी सतरा वर्षांचा असताना ही गोष्ट झाली. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सांगलीला व्हॉलीबॉलचे सामने असायचे, आमचं गाव दरवर्षी जायचं. भाद्रपदात मी दाईंना भेटायला सांगलीला गेलो. गोदामाच्या पडवीत आठ-दहा नेपाळी बसले होते; सगळ्यांच्या शर्टांच्या बाह्या, पापण्यासुद्धा हळदीनं पिवळ्या. दाईंनी मला गावाकडून आणलेल्या वाळवलेल्या पाल्याचं आंबट कालवण वाढलं आणि म्हणाले, "भाइ, इस बार हमारा भी टीम है. लिफ्टर नहीं है. लिफ्टर तू."

मी म्हणालो, "दाई, मी गावाकडून खेळतो."

"कौन सा गाव?" दाईंनी शांतपणे विचारलं. "तेरा गाव मैं जानता हूँ. मैंने देखा है. तेरी माँ वहाँ बैठी है." मग म्हणाले, "दशहरे के बाद मैं जा रहा हूँ. वो पूछेगी. मैं क्या बोलूँ? तेरा छोरा नेट के उस तरफ था, हमारे सामने?" छोरा म्हणजे मुलगा. ते रागावले नव्हते, हेच वाईट होतं. बाकीचे मान खाली घालून जेवत होते. निघताना दाई म्हणाले, "सोच ले. उस तरफ खेला तो फिर इस चूल्हे पे मत आना." माझ्या आईकडं जाणारी एकुलती वाट त्या वाक्यावर थांबली.

गावात ही बातमी माझ्याआधी पोचली. लोणंदच्या बाजारात सांगलीचे ट्रकवाले यायचे, त्यांनी सांगितलं असणार. दुसऱ्या दिवशी कांद्याच्या ढिगावर एक हमाल म्हणाला, "काय रं, इकडनं का तिकडनं?" चहाच्या टपरीवर तेच. गिरणीत दळण घेऊन गेलो तर तिथंही. शेजारच्या गंगूकाकी आक्काला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाल्या, "सा वर्सं आपलं मीठ खाल्लं, पर रगत तिकडचंच न्हवं!" आणि बाजी सुट्टीवर आला तेव्हा खळ्यावर सगळ्यांसमोर माझ्यापुढं उभा राहिला. "एकदाच इचारतो. आमचा हाईस का त्येंचा?" मी म्हणालो, "दादा, मी खेळतो की रोज." "रोजचं न्हाई इचारलं. त्या दिसाचं इचारलं. तिकडं गेलास तर गावात माघारी पाय ठिऊ नकोस." त्या दिवशी मला गुद्दा मिळाला नाही.

माझा नातू हल्ली मोबाईलवर मला काहीबाही दाखवतो. एका देशात जन्मलेला, दुसऱ्या देशात वाढलेला कुणी खेळाडू असतो. तो इकडून खेळला की तिकडचे शिव्या देतात, तिकडून खेळला की इकडचे. हजारो माणसं विचारतात, तू नक्की कुणाचा? नातू विचारतो, आजोबा, तुम्हाला काय वाटतं? मला काय वाटणार. त्या पोराचं तोंड बघितलं की कळतं, तो रात्रीचा जेवलेला नाही.

मीही जेवत नव्हतो. भाकरी मोडायची, आमटीत बुडवायची, आणि तशीच म्हशीला घालायची. आक्कानं चार दिवस बघितलं. घटस्थापनेच्या सकाळी ती देवाच्या कोनाड्याखाली पत्रावळीवर माती पसरत होती. मधोमध पाण्याचा घट, भोवती मातीत गहू आणि ज्वारी पेरायची. नऊ दिवसांत कोंब वर येतात आणि दसऱ्याला ते धान पुरुष टोपीत खोवतात, बाया केसांत. मातीतून हात न काढता तिनं विचारलं, "तुमच्यात घट बसिवत्यात का रं?"

सहा वर्षांत मी ह्यातलं काही सांगितलं नव्हतं. तिकडचं बोललो की मी तिकडचा आहे हे त्यांना आठवेल, ह्या भीतीनं. पण त्या दिवशी तोंडातून निघून गेलं. सांगितलं की बसवतात, ह्याच दिवशी. पण गहू नाही, सातू म्हणजे जव पेरतात. अंधाऱ्या कोपऱ्यात, म्हणजे कोंब पिवळेधमक येतात. दहाव्या दिवशी आई कपाळावर दह्यात कालवलेल्या लाल तांदळाचा मोठा टिळा लावते आणि कोंबांची जुडी कानावर खोवते. ज्याच्या घरी वडीलधारं नाही त्याला कुणीच लावत नाही. इकडं आल्यावर बाप होता तोवर त्यानं लावला होता, एकदाच.

आक्का ऐकत राहिली. "मंजी आमच्यात टोपीत, तुमच्यात कानावर. हाय काय त्यात एवढं लपवून ठिवायसारकं?" हात धुतले, पदर खोचला आणि चालत लोणंदला गेली. सातू आमच्याकडं कुणी पेरत नव्हतं. पण स्टेशनावरचा रहिमचाचा टांग्याच्या घोड्याला हरभऱ्याबरोबर सातू घालायचा हे तिला ठाऊक होतं. चाचा म्हणाला, "आवं वहिनी, घोड्याचं खाणं देवाला घालताय व्हय?" आक्का म्हणाली, "खंडोबा कशावर बसतोय? घोड्यावरच न्हवं? मग चालतंय त्येला." चाचानं ओंजळभर मागितलं तिथं अर्धी पिशवी भरून दिली.

म्हणून त्या वर्षी आमच्या घरी दोन घट बसले. एक कोनाड्याखाली, गव्हा-ज्वारीचा. दुसरा कोठीमागच्या अंधारात, सातूचा. तो पत्रावळीवर नव्हता, चांगल्या मोठ्या पाटीत होता. गंगूकाकी बघायला आल्या आणि ओठ मुडपून म्हणाल्या, "हौसे, एका घरात दोन घट कुटं बसिवत्यात का? देवाला कोडं पडंल." आक्का म्हणाली, "दोन पोरं हाईत तर दोन ताटं वाडतेच की. देवाला जेवाय घालायची सवं हाय, पडत न्हाई कोडं." मी कोठीच्या आड उभा होतो. दोन पोरं.

तरी प्रश्न सुटला नव्हता. दसऱ्याच्या सकाळी आक्कानं तात्यांच्या टोपीत धान खोवलं, शालनच्या वेणीत घातलं. माझ्या टोपीत गव्हाचं खोवलं, मग कोठीमागून पाटी आणली. पिवळे, वीतभर, सरळ कोंब. एक जुडी उपटून माझ्या कानावर खोवली आणि दह्यातला तांदूळ असा काही थापला की कपाळावरून नाकावर ओघळ आला. मी वाकून पाया पडलो तेव्हा तिनं डोक्यावर हात ठेवला आणि तो लवकर काढला नाही. पाटीत अजून पुष्कळ कोंब उरले होते. त्यांच्याकडं बघत ती म्हणाली, "हे किती दिस चालतं म्हनलास?"

"पुनवेपर्यंत."

"मग मीबी येते उद्या सांगलीला."

तात्यांनी चहाची बशी खाली ठेवली. आक्कानं तोवर आगगाडीत पाय ठेवला नव्हता आणि सामन्याला तर गावातली एकही बाई कधी आली नव्हती. पण दुसऱ्या दिवशी पहाटेच्या पॅसेंजरनं आम्ही निघालो तेव्हा डब्यात बारा बाप्ये आणि मधोमध आक्का, मांडीवर फडक्यानं झाकलेली पाटी आणि पायांशी दह्याची लोटी. गाडीनं धक्का दिला की ती पाटीला लेकरासारखी पोटाशी धरायची. बाजी खिडकीत तोंड घालून बसला होता. मी काय ठरवलं हे त्यानं विचारलं नाही, मी सांगितलं नाही. मी काही ठरवलंच नव्हतं. मनात एकच येत होतं, गाडीनं सांगली येऊच देऊ नये.

मैदान नदीच्या अंगाला. वारा सुटला की हळदीचा वास यायचा. पहिलाच सामना आमचा आणि त्यांचा. नेपाळी एका कडेला ओळीनं उभे होते, धुतलेले पांढरे बनियन घालून, आणि एकाच्याही कपाळावर टिळा नव्हता. कोण लावणार? सगळी आपापल्या आईपासून महिना-महिन्याच्या वाटेवर. दाईंनी मला बघितलं. माझ्या कानावरची सुकलेली जुडी बघितली. त्यांचा चेहरा हलला नाही.

मी दोन्ही संघांच्या मध्ये उभा राहिलो. तेवढ्यात आक्का पाटी घेऊन सरळ मैदानातून चालत पलीकडं गेली. पंच म्हणाला, "ओ बाई, कुठं?" तिनं ऐकलंच नाही. ती दाईंसमोर उभी राहिली. "तुमीच न्हवं का ह्येच्या आईचा सांगावा आनता? घरात कुनी मोटं न्हाई आसं ह्यो म्हनला. मी ह्येचं सगळं इचारून केलंय, चुकलं आसंल तर सांगा." आणि पाटीवरचं फडकं काढलं.

ते दहा जण बघतच राहिले. एवढे पिवळे, एवढे दाट कोंब त्यांनी किती वर्षांत पाहिले नसतील. एकानं बोट पुढं करून नुसता स्पर्श केला. आक्कानं दही-तांदूळ बोटांवर घेतला आणि दाईंच्या कपाळाकडं हात नेला, तेव्हा एक जण घाईनं म्हणाला, "बाई, नहीं! बडा छोटे को लगाता है. दाई आपसे बडा है!" दाईंचे केस पिकलेले, आक्का पस्तिशीची. आक्काचा हात हवेत थांबला. मैदानभर माणसं बघत होती. ती ओशाळली, मी तिला तशी कधी पाहिली नव्हती. मला वाटलं, झालं. आता सगळंच गेलं.

दाईंनी एकदा माझ्याकडं पाहिलं, एकदा तिच्याकडं. मग सावकाश टोपी काढली. "मान की माँ को मैं दिदी बोलता हूँ," ते त्या माणसाला म्हणाले. "ये भी मान की माँ है." आणि ते वाकले. इतके, की आक्काला हात वर न्यावा लागला नाही. एकापाठोपाठ एक सगळे वाकले. आक्का टिळे लावत गेली, कानावर जुड्या खोवत गेली आणि प्रत्येकाला विचारत गेली, "जेवलास का रं?"

दाईंनी कपाळावरचं दही पुसलं नाही. माझ्यापाशी आले. "तू उधर खेल," म्हणाले. "लेकिन ठीक से. हमारे लिए खराब उठाया तो कान पकडूँगा." एवढं म्हणून पाठ फिरवली. मी आमच्या बाजूला जाऊन उभा राहिलो. बाजीनं माझ्याकडं बघितलं नाही, नुसता थोडा सरकला आणि मला जागा दिली.

सामना असा झाला की बघणाऱ्यांनी नदी सोडून मैदानाकडं तोंडं केली. गंमत म्हणजे सांगलीची सगळी गर्दी नेपाळ्यांच्या बाजूनं. ते त्यांच्या गोदामांचे राखणदार, "सांगली! सांगली!" असा गजर सुरू झाला. कुणीतरी मला ओरडलं, "ए गुरख्या, चुकून सातारकरांत उभा हाईस रं!" आणि हशा पिकला. तात्या कडेला बसून गुडघा चोळत होते. पहिला डाव त्यांनी घेतला, दुसरा आम्ही. तिसऱ्यात ते चौदा, आम्ही तेरा, सर्व्हिस त्यांची. एक गुण त्यांना मिळाला की संपलं.

चेंडू आला. मागच्या माणसानं तो उचलला, पण नेटला फार जवळ. मी शिरलो, दहा बोटांवर घेतला, बाजीसाठी सोडला. माझ्या सबंध जन्मातला सगळ्यात चांगला चेंडू. बाजीनं तो असा ठोकला की पलीकडं धूळ उडाली. पंचाची शिट्टी, हात आमच्या बाजूला. आमची माणसं नाचायला लागली. आणि माझ्या डाव्या कोपराला नेटची सुतळी लागली होती. जराशी. मला एकट्यालाच माहीत.

किती वेळ गेला सांगता येत नाही. एक श्वास असेल. हात वर केला तर लोक काय म्हणणार हे मला स्वच्छ दिसत होतं. गंगूकाकी, हमाल, सगळे. ह्यानं आपल्या रक्ताला सामना दिला. घर जाईल. पण तात्यांचं ते नेट गुंडाळणंही दिसत होतं. मी हात वर केला.

पंच चक्रावला, मला दोनदा विचारलं. मग गुण त्यांना दिला आणि सामना संपला. आमच्या कडेनं लगेच आवाज उठला, "फितूर झालं! म्हनलं न्हवतं?" कुणीतरी माझ्या बनियनला धरलं. तेवढ्यात बाजी मध्ये आला. घामानं निथळत, डोळे लाल. "सोड त्येला," म्हणाला. "खळ्यावर कोन खेळलाय आन कोन न्हाई, हे आदी सांगा. तात्यांच्या खळ्यावर आसंच करत्यात." आणि माझ्याकडं वळून, दातओठ खात, "लोण्यावानी सोडला हुतास रं, मुडद्या!" आणि पाठीत गुद्दा घातला. मी गुडघ्यावर बसलो. रडायला ते एक निमित्त झालं.

सगळं काही गोड झालं असं नाही. परतीच्या गाडीत अर्धा डबा माझ्याशी बोलला नाही, आणि गंगूकाकी मरेपर्यंत मला अधूनमधून ऐकवत राहिल्या. तात्या मात्र उतरताना माझ्या खांद्याचा आधार घेऊन उतरले. एरवी ते कुणाचा आधार घ्यायचे नाहीत.

पुढच्या महिन्यात दाई गावी गेले. आक्कानं सातूच्या वाळलेल्या कोंबांची एक जुडी कागदात बांधून दिली होती, "तिला दावा, म्हनावं पोराला लावला टिळा." दाई परतले ते निरोप घेऊन. डोळे मिटले आणि म्हणाले, "कान्छा, तिथल्या आईला सांग, कोंब चांगले आले होते. घोड्याचं धान्य नको पेरायला. माझ्या शेतातलं पाठवते." आणि चोळीच्या खणात बांधलेली ओंजळभर सातू आक्कापुढं ठेवला.

आक्कानं तो सगळा घटाला वापरला नाही. निम्मा विहिरीच्या कडेला एका ओळीत पेरला, बी धरलं. पुढच्या वर्षी पुन्हा. मी मोठा झालो, दाईंच्याच ओळखीनं कुंडलजवळ कारखान्यावर कामाला लागलो, लग्न झालं, पोरंबाळं झाली. आई तिकडं वारली ते मला दोन महिन्यांनी कळलं. तात्या गेले. आक्काच्या विहिरीच्या कडेला ती एक ओळ अजून आहे. आता तिचे हात थरथरतात. दसऱ्याला मी जातो तेव्हा पाटी मी धरतो, माती ती पसरते आणि टिळा अजूनही माझ्या नाकावर ओघळतो. मागच्या खेपेला म्हणाली, "मान्या, तुझ्या आईच्या दाराचं तोंड कुनीकडं हाय रं? मला कवा ठावंच झालं न्हाई." मलाही आठवेना.

आक्का, तू वाचत नाहीस; शालन तुला हे वाचून दाखवील. माझे गुडघे आता तात्यांसारखे वाजतात आणि तो डोंगर काही खाली येणार नाही. तरी ऐक. विहिरीच्या कडेचा ओंजळभर सातू मी फडक्यात बांधून ठेवला आहे. एक दिवस तो घेऊन मी त्या उतरणीवर जाईन, आईच्या अंगणात पेरीन, तुझ्या हातचं बी तिथं उगवलेलं बघीन, आणि दाराचं तोंड कुणीकडं आहे ते बघून तुला येऊन सांगीन. तुझे पांग दुसऱ्या कशानं फिटतील असं मला वाटत नाही. तोवर तेवढी थांब.